कर्लिंगची पहिली खरेदी

कर्लिंग हा बर्फावरून दगड घसरवत नेण्याचा खेळ आहे. पण ज्या दगडामुळे तो ओळखला जातो, तो दगड खेळाडू जवळजवळ कधीच विकत घेत नाही. दगड क्लबचे, बर्फ क्लबचा, पाय रोवण्याचा रबरी आधारही क्लबचाच. खेळाडूचे स्वतःचे जे काही असते ते मुख्यतः दोनच ठिकाणी लागते, पायाखाली आणि हातात. खरेदी एवढी आटोपशीर असूनही नवख्यांचे पैसे वाया जातात, कारण ती उलट्या क्रमाने होते. आधी भारीतला ब्रश, मग बूट, आणि खेळायला बर्फ कुठे मिळेल ही चौकशी सगळ्यांत शेवटी. वाशीमसारख्या जिल्ह्यात, जिथे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी सहज ओलांडतो, तिथे तर ही चौकशी सर्वांत आधी व्हायला हवी.

कोणती वस्तू कशासाठी लागते हे कळायला खेळाची मांडणी थोडी तरी माहीत असावी लागते. बर्फाची एक लांबट पट्टी असते, तिला शीट म्हणतात. तिची लांबी सुमारे ४५ मीटर आणि रुंदी पाच मीटरच्या आत. दोन्ही टोकांना एकात एक वर्तुळे रंगवलेली असतात, त्यांना हाउस म्हणतात. सर्वांत बाहेरच्या वर्तुळाचा व्यास १२ फूट असतो. एका संघात चौघे, प्रत्येकाच्या वाट्याला दोन दगड, म्हणजे दोन्ही संघ मिळून एका डावात सोळा दगड. डावाला एंड म्हणतात. सामना आठ किंवा दहा एंडांचा असतो. एंड संपल्यावर वर्तुळाच्या केंद्राला ज्याचा दगड सर्वांत जवळ त्या संघालाच गुण मिळतात, आणि प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या दगडाच्या आत त्याचे जितके दगड, तितके गुण.

दगड टाकणारा खेळाडू हॅक नावाच्या रबरी आधाराला एक पाय टेकवून खाली बसतो, त्या पायाने रेटा देतो आणि दुसऱ्या पायावर घसरत पुढे जातो. आपल्या बाजूची हॉग रेषा, म्हणजे शीटवर आखलेली आडवी रेघ, येण्याआधी त्याने दगड सोडायचा असतो. सोडताना मुठीला हलका पीळ दिला जातो, त्यामुळे दगड संथ फिरत जातो आणि वाटेत एका बाजूला वळतो. दोन सहकारी त्याच्या पुढे-पुढे जात ब्रशने बर्फ घासतात. चौथा खेळाडू, म्हणजे स्किप, पलीकडच्या हाउसमध्ये उभा राहून दिशा सांगतो. एकाच सामन्यात प्रत्येकाला दगड टाकावा लागतो, घसरावे लागते, धावतही जावे लागते. एका पायाला बर्फावरून सहज सरकायचे आहे, तर दुसऱ्याला बर्फ घट्ट पकडायचा आहे. कर्लिंगच्या बुटांचा सारा विचार या एका अडचणीतून आलेला आहे.

हा बर्फ स्केटिंगच्या बर्फासारखा गुळगुळीत नसतो. सामन्याआधी त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात. ते गोठून इवले उंचवटे तयार होतात, त्यांना पेबल म्हणतात. दगडाचा तळही सपाट नसून खोलगट असतो. तो फक्त काही मिलिमीटर रुंदीच्या एका कड्यावर टेकतो आणि ते कडे या उंचवट्यांच्या माथ्यांवरून सरकते. पेबल नसता तर साध्या रेट्याने दगड पलीकडच्या हाउसपर्यंत पोहोचलाच नसता. बर्फाच्या पृष्ठभागाचे तापमान उणे पाच अंशांच्या आसपास राखावे लागते. म्हणून कुठल्याही स्केटिंग रिंकवर खरे कर्लिंग होत नाही. तिथे स्केटच्या पात्यांनी चरे पडलेले असतात आणि बर्फाची पातळीही पुरेशी एकसारखी नसते.

आता दगड. नियमानुसार हँडलसह त्याचे वजन १९.९६ किलोपेक्षा जास्त नसावे, घेर ९१४ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा आणि उंची ११४ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. ऑलिंपिकमधले दगड स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या निर्मनुष्य बेटावरच्या ग्रॅनाइटचे असतात. ते घडवणारी केज ही कंपनी १८५१ पासून मॉकलिन गावात हेच काम करते. बेटावर समुद्रपक्ष्यांचे अभयारण्य असल्याने तिथे सुरुंग लावता येत नाहीत. काही वर्षांच्या अंतराने जाऊन सुटे खडक उचलून आणले जातात. बेटावर दोन जातींचा दगड विशेष उपयोगी मानला जातो. कॉमन ग्रीन आघात चांगला सोसतो, म्हणून त्याचे मुख्य अंग बनते. ब्लू होन अतिशय घट्ट कणांचा आणि पाणी जवळजवळ न शोषणारा, म्हणून बर्फाला टेकणारा भाग त्याचा बसवतात. दगडात पाणी मुरले आणि तिथेच गोठले तर ते प्रसरण पावते आणि कपचे उडतात. एकेका दगडाची किंमत शेकडो पौंडांत जाते आणि एका शीटला सोळा लागतात. चांगला दगड काही दशके टिकतो, त्यामुळे क्लबला हा खर्च परवडतो, एकट्या माणसाला नाही.

वाशीमच्या वाचकाला इथे एक शंका येणे साहजिक आहे. जिल्हाभर काळा पाषाण पसरलेला असताना दगड स्कॉटलंडहून का आणावा? गंमत म्हणजे दोन्ही खडक ज्वालामुखीच्या घडामोडींतूनच आले आणि त्यांचे वयही फार वेगळे नाही. दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर एल्सा क्रेगचा ग्रॅनाइट साधारण सहा कोटी वर्षांचा. फरक थिजण्याच्या जागेत आहे. दख्खनचा लाव्हा जमिनीवर पसरला. त्यातून वायू निसटताना पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांतल्या कित्येक झिओलाइटसारख्या खनिजांनी भरल्या. एल्सा क्रेगचा खडक मात्र ज्वालामुखीच्या नळीतच थिजला आणि एकजिनसी राहिला. पाट्या-वरवंट्याला आपला दगड उत्तम, पण वीस किलोचे दोन दगड बर्फावर एकमेकांवर आदळत ठेवायचे असतील तर पोकळ्यांचा खडक चालणार नाही. हौस म्हणून स्थानिक कारागिराकडून दगड घडवून घेण्याचा विचार कोणाच्या मनात आला असेल, तर तो खर्च टाळावा.

म्हणजे खेळाच्या सामानात विकत घेण्याजोगी पहिली वस्तू पायातली. पण बूट नव्हेत. सुरुवातीला लागतो तो स्लायडर. उजव्या हाताने दगड टाकणाऱ्याचा उजवा पाय हॅकमध्ये असतो आणि डावा घसरतो, डावखुऱ्याचे याच्या उलट. घसरणाऱ्या पायाखाली टेफ्लॉनचा गुळगुळीत तळ लागतो. न चिकटणाऱ्या तव्यांवर ज्याचा थर असतो तेच हे टेफ्लॉन. नवख्यासाठी हा तळ इलास्टिकच्या पट्ट्याने साध्या बुटावर चढवता येईल असा स्वतंत्र मिळतो. खाली स्वच्छ, सपाट रबरी तळव्याचे कोणतेही खेळाचे बूट चालतात. दगड टाकण्यापुरता स्लायडर चढवायचा आणि ब्रश मारायला जाताना काढायचा. दर वेळी हे करणे कटकटीचे असते, पण पहिल्या हंगामात ही कटकट सोसावी. घसरणे आपल्याला जमते का आणि आवडते का, हे कळायला तेवढा वेळ लागतोच.

खेळ टिकला तर पुढे कर्लिंगचे बूट. हे बूट जोडीचे असले तरी दोन्ही पायांचे तळ वेगळे असतात. एकाला टेफ्लॉनचा स्लायडर कायमचा बसवलेला, दुसऱ्याला रबरी पकड. म्हणून दुकानात सर्वांत आधी सांगायचे ते माप नव्हे, तर दगड कोणत्या हाताने टाकणार ते. डावखुऱ्याने उजव्याचे बूट घेतले तर ते कुचकामी. असे घडते, विशेषतः भेट म्हणून किंवा दुरून मागवलेल्या बुटांच्या बाबतीत. स्लायडर असलेल्या बुटावर चालताना चढवायला एक रबरी आवरण मिळते, त्याला ग्रिपर म्हणतात. ते बुटांबरोबर आले आहे ना हे पाहून घ्यावे, आणि नसेल तर त्याच दिवशी घ्यावे. स्लायडरवर ग्रिपर नसताना बर्फावर पाऊल टाकणे ही नवख्याच्या पडण्याची सर्वांत नेहमीची वाट आहे.

स्लायडर किती जाड असावा यावर विक्रेते बरेच बोलतात. जाडी इंचाच्या अपूर्णांकात सांगतात: १/३२, १/१६, १/८, ३/१६, १/४. १/१६ म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर आणि १/४ म्हणजे सहा मिलिमीटरच्या थोडे वर. तळ जितका जाड तितका तो वेगाने घसरतो, असा ढोबळ नियम आहे. पाव इंची स्लायडरवर अनुभवी खेळाडू हॅकमधून सुटतो आणि अलगद हॉग रेषेपर्यंत जातो. नवखा त्याच स्लायडरवर तोल सावरण्यात गुंतून दगड सोडायचे विसरतो. सुरुवातीला १/१६ ते १/८ यांमधली जाडी पुरते. दोन-तीन हंगाम खेळणार हे नक्की असेल तर १/८ घ्यावी, कारण ती लवकर अपुरी पडत नाही. फार पातळ घेऊन वर्षभरात बदलणे आणि फार जाड घेऊन वर्षभर घाबरत खेळणे, या दोन चुकांत दुसरी महाग पडते.

माप नेहमीच्या बुटांसारखेच, पण बुटांच्या आत जाड मोजे असतात हे लक्षात घेऊन. भारतात बहुतेक ठिकाणी ब्रिटिश क्रमांक चालतात, उत्तर अमेरिकेत त्यांचे वेगळे. पुरुषांच्या बुटांत भारतातला आठ नंबर तिथे साधारण नऊ होतो. सेंटिमीटरमध्ये पाऊल मोजून ठेवणे सर्वांत बिनधोक. हॅकमध्ये रेटा देणाऱ्या पायाचा बोटांकडचा भाग दर वेळी बर्फावर घासत मागे राहतो, म्हणून त्या बुटाच्या टोकावर कडक लेप असलेला बरा. नसेल तर टोक लवकर झिजते. आणि एक नियम क्लबमध्ये गेल्यावर कोणीही सांगेल: हे बूट रस्त्यावर घालायचे नाहीत. तळाला चिकटलेला एक खडा टेफ्लॉनला चरा पाडतो आणि बर्फावर सांडलेला कचरा दगडाखाली येऊन त्याची वाट बिघडवतो. जुना होऊन भुगा गाळू लागलेला ग्रिपर याच कारणाने फेकून द्यावा. बूट हातात घेऊन यायचे आणि शीटजवळ घालायचे. देवळाबाहेर चप्पल काढायची सवय असलेल्याला हे शिकवावे लागत नाही.

ब्रशची गोष्ट जरा मोठी आहे. पूर्वी तो खरोखर झाडू होता, गवती काड्यांचा. कॅनडात असे झाडू १९८० च्या दशकापर्यंत दिसत. मग केसांचे ब्रश आले आणि आता फोमवर कृत्रिम कापड ताणलेले सपाट पॅड असते. ब्रशने बर्फ घासला की घर्षणाने पेबलचा माथा क्षणभर किंचित तापतो आणि दगडाला होणारा अडथळा कमी होतो. दगड जास्त लांब जातो आणि कमी वळतो. जोर लावून झाडणारी जोडी दगड काही मीटर पुढे नेऊ शकते. पूर्ण ताकदीने झाडणे म्हणजे चांगला व्यायाम आहे. टीव्हीवर पाहताना तसे वाटत नाही.

या पॅडच्या कापडाने २०१५ च्या हंगामात मोठा गदारोळ माजवला. काही नव्या कापडांनी घासल्यावर बर्फावर सूक्ष्म ओरखडे उठत आणि झाडणारा दगडाला हवे तिकडे जवळजवळ हाकू शकत असे. नेम धरून दगड टाकण्याच्या कौशल्याला अर्थच उरेना, म्हणून आघाडीच्या अनेक संघांनी स्वतःच ती साधने न वापरण्याचे ठरवले. २०१६ मध्ये ओंटारिओतल्या केम्प्टव्हिल इथे जागतिक संघटनेने खेळाडू, उत्पादक आणि कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांना बोलावून चाचण्या घेतल्या. त्यानंतर मोठ्या स्पर्धांसाठी एकाच मान्य कापडाचे पॅड ठरले. त्याचा पिवळा रंग आता दूरचित्रवाणीवर ओळखू येतो. नवख्याला यातून घ्यायचे ते एवढेच, की महागडे ‘स्पर्धेचे’ पॅड त्याच्या काहीच कामाचे नाही. साध्या क्लबच्या सामन्यांत साधे पॅड चालते, लवकर मळते आणि मळले की बदलावे लागते. त्याच कंपनीचे सुटे पॅड नंतरही मिळणार आहे ना, हे ब्रश घेताना विचारावे. पॅड मिळेनासे झाले तर उत्तम दांडाही अडगळीत जातो.

दांडा दोन प्रकारचा मिळतो, फायबरग्लासचा किंवा कार्बन फायबरचा. कार्बनचा हलका आणि ताठ असतो, महागही. फायबरग्लासचा थोडा जड, पण पहिल्या दोन वर्षांत तो फरक मनगटाला जाणवत नाही. दांड्याची जाडी साधारण एक इंच किंवा त्याहून थोडी अधिक. लहान पंजा असलेल्याने बारीक घ्यावा. बर्फाजवळचा ब्रशचा सांधा सैल आहे का आणि डोके हव्या कोनात अडून राहते का, हे हातात धरून तपासता येते. बहुतेक क्लबांत भिंतीला ब्रश टांगलेले असतात आणि ते फुकट वापरता येतात. म्हणून ब्रश ही दुसरी खरेदी, पहिली नव्हे. दगड टाकताना दुसऱ्या हाताला आधार म्हणून ब्रशऐवजी प्लास्टिकचा स्टॅबिलायझर वापरता येतो. तोही क्लबमध्ये असतो. तोल नीट साधेपर्यंत तो वापरण्यात कमीपणा नाही.

कपड्यांसाठी वेगळे दुकान गाठायची गरज नसते. हॉलमध्ये हवा पाच-दहा अंशांची असते, पण झाडून अंग तापते. त्यामुळे एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. पँट ताणणारी हवी. जीन्सवर पूर्ण खाली बसता येत नाही आणि बसलेच तर शिवण उसवते. लोकरीचा सैल, तंतू सोडणारा स्वेटर टाळावा. एखादा तंतू जरी दगडाखाली आला तरी दगड मध्येच वळतो किंवा अडखळतो आणि दोष खेळणाऱ्याला मिळतो. हातमोजे पातळ असावेत.

डोक्याच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. बर्फावर माणूस बहुधा मागे पडतो आणि मागचे डोके आधी आपटते. म्हणून अनेक क्लब लहान मुलांना हेल्मेटशिवाय बर्फावर उतरू देत नाहीत. मोठ्यांसाठी आत संरक्षक गादी असलेल्या टोप्या आणि पट्टे मिळतात. पन्नाशीनंतर खेळ सुरू करणाऱ्यांना बरोबरीचे लोक कदाचित हसतील, तरी ही टोपी पहिल्याच दिवशी घ्यावी. स्लायडरसाठी थांबता येते, टोपीसाठी नाही. ज्यांचे गुडघे खाली बसू देत नाहीत त्यांच्यासाठी डिलिव्हरी स्टिक नावाची काठी असते. तिचे टोक दगडाच्या मुठीत अडकवून उभ्यानेच दगड ढकलता येतो. चाकाच्या खुर्चीवरच्या खेळाडूंचे कर्लिंगही याच काठीवर चालते. २००६ मध्ये तुरिनच्या हिवाळी पॅरालिंपिकमध्ये त्याचा प्रथम समावेश झाला आणि त्या प्रकारात बर्फ झाडायची परवानगीच नसते. स्टॉपवॉच, दांड्याची पिशवी, बुटांची पिशवी वगैरे गोष्टी हळूहळू जमतात. त्यांच्यासाठी वेगळे बजेट काढायचे कारण नाही.

पैशांचा अंदाज असा: चढवायचा स्लायडर बुटांच्या किमतीच्या एका लहानशा हिश्श्यात येतो. कॅनडात नवे बूट साधारण शंभर-दीडशे डॉलरपासून सुरू होतात आणि वरच्या दर्जाचे त्याच्या दुपटीपेक्षाही पुढे जातात. ब्रशचेही तसेच. गोल्डलाइन, बॅलन्सप्लस, अ‍ॅशम, हार्डलाइन ही तिथली नेहमीची नावे. कोणते चांगले यावर क्लबमध्ये वाद चालतात, पण नवख्याच्या खेळात त्यांतला फरक दिसत नाही. जुना माल घेण्यात गैर काही नाही, उलट शहाणपणच आहे. मुलांचे पाय दर वर्षी वाढतात, त्यामुळे क्लबच्या फलकावर लहान मापाचे जवळजवळ नवे बूट नेहमी विकायला असतात. जुने बूट घेताना स्लायडरवर बोट फिरवून खोल चरे आहेत का पाहावे, तळ सुटू लागला आहे का पाहावे आणि रबराला भेगा असतील तर भाव पाडून मागावा. हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. संपता संपता दुकानांत सवलती लागतात.

वाशीम जिल्ह्यात बर्फाची शीट नाही आणि महाराष्ट्रात कुठेच कर्लिंगची सोय सहज सापडत नाही. देशात बर्फाची थोडीच मैदाने आहेत. देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी उभारलेले हिमाद्री मैदान बरीच वर्षे बंद राहून २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले. गुरुग्रामला एका मॉलमध्ये स्केटिंगचा बर्फ आहे. शिमल्यात १९२० पासून नैसर्गिक थंडीवर गोठणारी रिंक आहे. ही सारी मुळात स्केटिंगची ठिकाणे. तिथे प्रसंगी कर्लिंगची ओळख होऊ शकते, सराव नाही. तेवढ्यासाठी कॅनडाहून ब्रश मागवणे म्हणजे लांब पार्सलचे भाडे आणि सीमाशुल्क भरून भिंतीवर टांगायला काठी आणणे. शिवाय इथल्या कोरड्या उष्णतेत न वापरलेल्या बुटांचा गोंद सुटतो आणि रबर कडक पडते. थंड देशातला मालक ज्या बुटांना दहा वर्षे वापरतो, ते मंगरूळपीरच्या माळ्यावरच्या पेटीत तितके टिकतील अशी आशा धरू नये.

उष्ण देशाचा आणि या खेळाचा संबंधच नाही, असे मात्र नाही. हार्बिनच्या २०२५ च्या आशियाई हिवाळी स्पर्धांत पुरुषांच्या कर्लिंगचे सुवर्ण फिलिपिन्सने जिंकले. अंतिम सामन्यात त्यांनी दक्षिण कोरियाला हरवले. फिलिपिन्सचे ते या स्पर्धांतले पहिलेच पदक. त्यांचे बहुतेक खेळाडू स्वित्झर्लंडमध्ये वाढलेले, म्हणजे खेळ शिकले तेही तिथल्याच बर्फावर. देश कोणता हा मुद्दा नव्हता. मराठी मुलांपुढेही हाच मार्ग आहे. शिक्षणासाठी कॅनडात जाणाऱ्या विदर्भातल्या विद्यार्थ्याला विद्यापीठात किंवा शहरात कर्लिंग क्लब सापडणे मुळीच कठीण नाही. शरद ऋतूत बहुतेक क्लब नवख्यांसाठी ओळखवर्ग ठेवतात आणि त्यात दगडापासून ब्रशपर्यंत सारे देतात. त्याने वाशीमहून न्यावे ते फक्त स्वच्छ तळव्याचे बूट आणि ताणणारी पँट. बैठका मारायची सवय असेल तर हॅकमध्ये बसताना तिचा उपयोग होईल. बाकी सारे तिथे गेल्यावर पाहता येते.

ज्यांना जिल्ह्यातच राहून खेळायचे आहे त्यांच्यासाठी फ्लोअर कर्लिंग आहे. यातल्या हलक्या दगडांना खाली छोटी चाके किंवा गोळ्या असतात. ते फरशीवरून, लाकडी जमिनीवरून किंवा बॅडमिंटनच्या कोर्टावरून सरकतात. हाउस म्हणजे जमिनीवर पसरायची छापील चटई. दगड वळत नाहीत आणि झाडल्याने काही होत नाही, त्यामुळे ब्रश लागत नाही, स्लायडरही लागत नाही. गुण मोजणे, अडवायचे दगड ठेवणे, समोरचा दगड उडवणे आणि शेवटच्या दगडाचा हिशेब मात्र खऱ्या खेळासारखाच. कॅनडाच्या शाळांत मुलांना हा खेळ शिकवायला अशीच साधने नेतात. इंग्लंडमध्ये याचाच एक प्रकार अपंग आणि सशक्त खेळाडूंना एकत्र खेळता यावे म्हणून रुजला. त्यात खुर्चीवरून ढकलायची काठीही असते. एका शाळेने किंवा व्यायामशाळेने एक संच घेतला तर पन्नास मुले आळीपाळीने खेळतील. संच निवडताना चाके फरशीवर सरळ जातात का हे एक दगड दहा वेळा सोडून पाहावे. वाकड्या चाकाचा दगड प्रत्येक वेळी त्याच बाजूला जातो आणि मुलांना चुकीची सवय लागते. चटईची कड दुमडून राहत असेल तर दगड तिथे अडतो, म्हणून जाड आणि सपाट पसरणारी चटई घ्यावी.

दुसरा शेजारी खेळ आहे आइस स्टॉक. तो बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातला. यात उभ्या दांड्याची चकती एका लहान रबरी चकतीजवळ नेऊन थांबवायची असते. तिचा तळ बदलता येतो. बर्फाचा तळ काढून डांबरी मैदानाचा बसवला की उन्हाळ्यातही खेळता येते. म्हणूनच तो भारतात काही राज्यांत रुजला आणि गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांपर्यंत पोहोचला. १९३६ च्या फेब्रुवारीत गार्मिश-पार्टेनकिर्शेनच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रात्यक्षिक म्हणून दाखवला गेला. त्याच वर्षी बर्लिनच्या उन्हाळी ऑलिंपिकमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. वाशीमच्या महसूल विभागाचे मुख्यालय असलेल्या अमरावतीतले हे मंडळ १९१४ सालचे. परक्या खेळाला वऱ्हाडात जागा करून द्यायची असेल, तर अशा जुन्या व्यायामसंस्थांची मैदाने आणि शिक्षक हेच त्याचे पहिले घर ठरू शकतात. आइस स्टॉकमध्ये चकती आणि तळ दोन्ही जोडीने घ्यावे लागतात. तळाची कठीणता मैदान पाहून ठरते, म्हणून मैदान आधी पाहावे, खरेदी नंतर करावी.

खरेदीचा क्रम एवढ्या तपशिलातून स्पष्ट होतो. बर्फ जवळ असेल तर क्लबचे सामान वापरून काही आठवडे खेळावे. डोक्याची टोपी मात्र पहिल्या दिवसापासून आपली असावी. मग स्लायडर, त्यानंतर ब्रश, आणि दुसऱ्या हंगामाला टिकलो तर बूट. बर्फ जवळ नसेल तर स्वतःसाठी काहीही घेऊ नये. त्याऐवजी चारजणांनी मिळून, किंवा शाळेच्या नावावर, फ्लोअर कर्लिंगचा एक संच घ्यावा. वाशीम, कारंजा, रिसोड किंवा मानोऱ्यातल्या एखाद्या शाळेला सभागृहाची सपाट फरशी असेल, तर तेवढ्यावर हा खेळ उद्यापासून सुरू होऊ शकतो.